कोंडा चाळण्याआधी हे वाचा
आमच्या गिरणीत दळण टाकणाऱ्या पुणेकर ग्राहकांसाठी

गव्हाचं दळण नेताना बरेच जण विचारतात, "पीठ चाळून घेऊ ना?" आम्ही सांगतो, शक्यतो नका चाळू. चाळणीत वर उरणारे तपकिरी पापुद्रे म्हणजे गव्हाची साल. ती आपल्याला पचत नाही, हे खरं. पण मोठ्या आतड्याला तीच हवी असते.

अन्नाचं बहुतेक पचन लहान आतड्यात उरकतं. तिथून रोज साधारण 1 ते 1.5 लिटर पातळ ऐवज ओटीपोटाच्या उजव्या बाजूला मोठ्या आतड्यात शिरतो. सुमारे 1.5 मीटर लांबीचं हे आतडं आधी वर चढतं, मग आडवं जातं, डावीकडून खाली उतरतं आणि वाटेत पाणी व क्षार शोषून घेतं. मलात पाणी उरतं ते जेमतेम 100 मिलिलिटर. मल आत रेंगाळला की पाणी आणखी शोषलं जातं आणि खडा धरतो. कोंडा पाणी धरून ठेवतो, मल मऊ व भरीव करतो, त्यामुळे तो पुढे सरकतो.

डाळी, भाज्या, ज्वारी यांतले काही न पचणारे तंतू, म्हणजे फायबर, मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन आहे.

100 ग्रॅम कोंड्यासकट कणकेत साधारण 11 ग्रॅम तंतू असतात, मैद्यात 3 सुद्धा नाहीत. मोठ्या माणसाला रोज किमान 25 ग्रॅम हवेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मात्र कोंडा एकदम वाढवू नका, पोट फुगतं. हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. नाश्त्यानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते. हिंजवडीची बस गाठायची म्हणून शौचाची ती वेळ रोज टाळू नका.

शौचातून रक्त, काळा मल, कारण नसताना घटलेलं वजन किंवा काही आठवडे टिकलेला सवयीतला बदल दिसला, तर कोंड्यावर भिस्त न ठेवता डॉक्टरांना दाखवा. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी, आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी त्यांनाच विचारावं.

चाळलेलंच पीठ हवं असेल तर डबा ठेवतानाच सांगा. कोंडा वेगळा बांधून देऊ. थालीपिठाच्या भाजणीत मूठभर सहज खपतो.