२ चा १२७ वा घात वजा १: १८७६ की १९१४?

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. मोठ्या संख्यांच्या पारंपरिक नावांतले शेवटचे, परार्ध, अठराव्या स्थानावर थांबते. ही संख्या ३९ अंकी आहे. २ च्या कोणत्या घातातून १ वजा केल्यास मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज भाजक नसलेली) मिळते, हे सांगणाऱ्या १६४४ च्या प्रसिद्ध यादीत १२७ हा घातांक होता, पण त्या यादीत ६७ आणि २५७ चुकून घुसले होते आणि ६१, ८९, १०७ राहून गेले होते. तेव्हा तिला पुरावा मानण्यात अर्थ नाही.

वाद आहे तो 'मूळ म्हणून सिद्ध कधी झाली' याचा. १८७६ मध्ये एका फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ असल्याचे जाहीर केले. पुढे त्याच्याच लिखाणात तो ठामपणा डळमळलेला दिसतो, म्हणून काही जण १९१४ च्या स्वतंत्र पडताळणीलाच श्रेय देतात.

त्याच्या चाचणीचे आजचे रूप असे: ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, मग तपासायच्या संख्येने भागून फक्त बाकी ठेवायची. हे १२५ वेळा केल्यावर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. भागाकार मात्र करावाच लागत नाही. द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून लिहिताना) १२७ व्या घराच्या पलीकडे गेलेला १ पुन्हा एककाच्या घरात येतो, त्यामुळे १२७ × १२७ घरांच्या पटावर सोंगट्या (सोंगटी म्हणजे १) सरकवून वर्ग निघतो: एका स्तंभात दोन जमल्या की दोन्ही उचलून डावीकडे एक. फसगत होते ती शेवटी. सगळी १२७ घरे भरलेली दिसली तरी ती बाकी शून्यच असते.

१८७६ च्या बाजूने भक्कम मुद्दा हा, की आकडेमोडीतल्या चुकीतून योगायोगाने शून्य येणे जवळजवळ अशक्य. 'संयुक्त', म्हणजे मूळ नाही, हा निकाल मात्र एका सोंगटीच्या चुकीनेही येऊ शकतो. घातांक ६७ बाबतचा तसा निकाल बरोबर होता, पण भाजक हाती आले ते १९०३ मध्ये. प्रश्न उरतो तो १८७६ मध्ये हा पट खरोखर शेवटपर्यंत मांडला होता का, एवढाच. चाचणीची नेटकी सिद्धता तर १९३० ची. तोच निकष लावला तर १९१४ सुद्धा टिकत नाही. त्यामुळे १८७६ च धरावे.

सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या हा हिचा मान १९५१ पर्यंत टिकला. त्या वर्षी यांत्रिक गणनयंत्रावर ४४ अंकी संख्या मिळाली आणि त्याच वर्षापासून संगणकांनी मैदान मारले. आज हीच संख्या संगणकातल्या १२८ बिटच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या) पूर्णांकाची कमाल मर्यादा आहे. २०१५ मध्ये कूटलेखनासाठी मांडलेला एक लंबवर्तुळी वक्रही हिच्यावरच बेतला आहे. कारण पुन्हा तेच, पलीकडचे बिट उचलून अलीकडे मिळवले की भागाकार टळतो.

२, ३, ७, १२७ या साखळीत प्रत्येक संख्या पुढचीचा घातांक होते आणि ही पाचवी कडी. सहावीत साधारण ५ वर ३७ शून्ये इतके अंक भरतात. तिला चाचणी लावणे अशक्य, आणि छोटा भाजकही अजून सापडलेला नाही.