चापाचं वजन

पावसाळ्यात दार फुगलं की अल्ड्रॉपची कडी अडकते. आपण ती हिसडतो, बोटं लाल होतात, कडी जागची हलत नाही. मग घरातलं एखादं जाणतं माणूस येतं, खांद्याने दार आत रेटतं आणि दोन बोटांनी कडी सरकवतं. कडी तीच, लोखंड तेच. फक्त दाराचा कडीवरचा भार गेला. बोल्ट ॲक्शन रायफलचा चाप, म्हणजे ट्रिगर, जड का लागतो आणि तो हलका कसा करतात, हे समजायला या दारापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला सापडलेली नाही.

या रायफलीचा बोल्टही दिसायला कडीसारखाच असतो. दांडा उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलून खाली पाडायचा. ही हालचाल होताना आत एक दणकट स्प्रिंग दाबली जाते. तिच्या जोरावर फायरिंग पिन पुढे धावायला टपलेली असते आणि पोलादाची एक छोटी कड तिला अडवून धरते. या कडेच्या भागाला सीअर म्हणतात. चाप दाबला की सीअर बाजूला होते, पिन सुटते आणि काडतुसाच्या बुडावर आदळते. उंदराच्या स्प्रिंगच्या सापळ्यात जे काम ती बारीक तार करते, तेच हे काम.

म्हणजे गोळी उडवायची ताकद बोटाची नसतेच. ती स्प्रिंगमध्ये आधीच साठलेली असते. बोटाला फक्त एक कडी सरकवायची असते, पण ती भाराखाली अडकलेली असते आणि सगळी गोम तिथेच आहे. समजा स्प्रिंग सीअरवर ८ किलोचा भार टाकते आहे आणि तेलाचा हात फिरलेल्या पोलादाचा घर्षणांक ०.२ आहे. कडी सरकवायला ८ गुणिले ०.२, म्हणजे १.६ किलोचा जोर लागेल. चापाला परत जागेवर आणणारी छोटी स्प्रिंग असते, तिचा विरोध वेगळा. या सगळ्याची बेरीज म्हणजे चापाचं वजन.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. सीअरची आणि पिनची कड एकमेकींवर कमी टेकवल्या, म्हणजे पकड एक मिलिमीटरऐवजी अर्धा मिलिमीटर ठेवली, तर चाप निम्मा हलका होईल असं वाटतं. तसं होत नाही. घर्षण भारावर ठरतं, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. लिओनार्दो द विंचीने हे आपल्या टिपणवह्यांत नोंदवलं होतं आणि १६९९ साली गियोम आमोंतों या फ्रेंच माणसाने ते जगापुढे मांडलं. पकड कमी केली की चापाचा प्रवास आखूड होतो, वजन जवळजवळ तेवढंच राहतं. बोटाला मात्र हलकं झाल्यासारखं वाटतं, कारण रखडणं संपतं.

हे रखडणं नीट समजून घेण्यासारखं आहे. स्थिर वस्तूला हलवायला लागणारं घर्षण हे ती हलू लागल्यानंतरच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. खडबडीत सीअर त्यामुळे सलग सरकत नाही. थोडी सरकते, अडते, पुन्हा सरकते. नेम धरलेल्या माणसाला प्रत्येक अडीला वाटतं, आता सुटणार. तो श्वास रोखून थांबतो, आणि तेवढ्यात पुढची अडी येते. माझं स्पष्ट मत आहे की काचेची काडी मोडावी तसा एकदम सुटणारा दीड किलोचा चाप हा रखडत सुटणाऱ्या एक किलोच्या चापापेक्षा केव्हाही चांगला.

कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात आली, तेव्हा उस्तादजी एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगायचे: खींचना नहीं, दबाना. मी पाचही वेळा ओढलाच. पाचही गोळ्या उजवीकडे खाली गेल्या. त्यामागचं गणित मला फार उशिरा कळलं. बोट सरळ मागे न जाता पाच अंश तिरकं गेलं, तर जोराचा साधारण नऊ टक्के भाग रायफलला बाजूला ढकलतो. चाप अडीच किलोचा असेल तर हा आडवा धक्का सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. चाप शंभर ग्रॅमचा असेल तर फक्त नऊ ग्रॅम.

आता पन्नास मीटरवरचं लक्ष्य बघा. ऑलिंपिकमध्ये तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. गोळीची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. तो फायदा धरला, तर गोळीचं केंद्र मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकलेलं चालतं. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये ८० सेंटिमीटर अंतर धरलं, तर नळीचं पुढचं टोक ०.१३ मिलिमीटर हललं की दहा हुकले. वहीच्या पानाच्या जाडीपेक्षा जरासंच जास्त. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ब्राँझ जिंकलं, ते याच बटणावर, तेही गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून.

चाप सुटल्यावर चूक सुधारता येत नाही. पिन पुढे जाऊन आदळायला २ ते ५ मिलिसेकंद लागतात, त्यानंतर गोळी नळीबाहेर पडायला आणखी काही. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंद हवे असतात. सगळा खेळ चाप सुटायच्या आधीचा आणि सुटतानाचा आहे. सुटताना आणखी एक गोष्ट होते. बोटासमोरचा विरोध अचानक नाहीसा होतो आणि बोट मागे धडकतं. विरोध जितका मोठा, धडक तितकी मोठी. म्हणून चांगल्या रायफलीत चाप सुटल्याबरोबर त्याला लगेच अडवणारा स्क्रू असतो.

वजन घटवायचा सर्वांत शहाणा मार्ग तोच, खांद्याने दार रेटायचा. चापावरचा भारच कमी करायचा. जुन्या लष्करी रायफलींत पिनचा भार जवळजवळ थेट चापाशी जोडलेल्या कडेवर यायचा. नंतरच्या रचनांमध्ये मध्ये एक तरफ आली. पिन तरफेला दाबते, तरफेचं लांब टोक चापावर टेकतं, आणि आठ किलोंपैकी चापापर्यंत एक-दोनच पोहोचतात. जर्मन कारागिरांनी तर फार पूर्वीच दुसरी युक्ती काढली. आत एक छोटी वेगळी स्प्रिंग ताणून ठेवायची आणि बोटाने फक्त तिची खुंटी काढायची. मोठी कडी ती छोटी स्प्रिंग हाणून पाडते.

तरीही पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षं पाहिलेली थ्री नॉट थ्री जाणूनबुजून जड चापाची होती, आणि तिच्या चापातली कल्पना मला फार आवडते. तो दोन टप्प्यांत चालतो. पहिला लांब, दुसरा आखूड आणि कडक. चिखलात, धावपळीत, खांद्यावर लटकलेली असताना सीअरची पकड भरपूर असते. नेम धरल्यावर शिपाई पहिला टप्पा स्वतः दाबून घेतो, आणि पकड फक्त तेवढ्या क्षणापुरती बारीक होते. बोट काढलं की ती पुन्हा भरपूर. सुरक्षितता आणि अचूकता यांच्यातला हा व्यवहार यंत्राने नव्हे, बोटाने केलेला आहे.

हलक्या चापाची किंमत काय असते? रायफल एक मीटरवरून मागच्या दस्त्यावर पडली आणि कडक फरशीवर पाच मिलिमीटरमध्ये थांबली असं धरू. एक मीटर भागिले पाच मिलिमीटर, म्हणजे थांबतानाचं मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्वाच्या दोनशे पट. रायफल थांबली तरी आतला चाप स्वतःच्या जडत्वाने मागेच जाऊ पाहतो, आणि मागे ही नेमकी गोळी सुटायची दिशा आहे. चाप दहा ग्रॅमचा असला तरी त्या क्षणी तो दोन किलोंसारखा वागतो. यातला निम्माच जोर बोटाच्या जागी लागू पडला तरी तो एक किलो होतो. अडीच किलोचा चाप हे सहन करतो. तीनशे ग्रॅमचा चाप स्वतःच स्वतःला ओढतो. उपाय आहे: चापाचं गुरुत्वमध्य तो ज्यावर फिरतो त्या खिळीवरच येईल असा तोल साधायचा. पण तो घडवतानाच साधावा लागतो.

म्हणूनच घरी कानस घेऊन सीअर घासणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. पोलादाचा कठीण केलेला थर कित्येकदा मिलिमीटरच्या अंशाएवढाच असतो. तो घासला गेला की खालचा मऊ धातू उघडा पडतो. पहिले काही दिवस चाप लोण्यासारखा चालतो, मग कड गोल होत जाते आणि एक दिवस बोल्ट बंद करतानाच पिन सुटते. कोनाचंही तसंच. नीट घडवलेली सीअर चाप दाबताना पिनला किंचित मागे ढकलते, त्यामुळे अर्ध्यावर बोट काढलं तर ती आपसूक जागेवर येते. कोन थोडा उलटा झाला की तिला जागेवर राहायचंच नसतं. नुसती चापाची छोटी स्प्रिंग मऊ केली तरी धोका आहे, कारण हीच स्प्रिंग सीअरला वेळेत जागेवर आणते. भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि या बाबतीत मला तो कायदा अगदी योग्य वाटतो. कारखान्यातही चूक होते. अमेरिकेत २०१४ साली रेमिंग्टन कंपनीने एक्स-मार्क प्रो चाप असलेल्या रायफली परत मागवल्या, कारण जोडणीत वापरलेला चिकट पदार्थ जास्त झाल्याने गोळी आपोआप सुटू शकत होती. स्क्रूजवळचा एक थेंब!

स्पर्धांचे नियम हा हिशेब फार सरळ मांडतात. १० मीटर एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा. पंच पिस्तूल उभं धरून चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचलतात. वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला १५०० ग्रॅम. स्वप्नीलच्या ५० मीटर रायफलला किमान मर्यादाच नाही, आणि तिथे शंभर ग्रॅमच्या आसपासचे चाप सर्रास असतात. पण ती रायफल खांद्यावर घेऊन कुणी झाडीत फिरत नाही. ती रेंजवरच्या एका जागी असते, नळी लक्ष्याकडे. काडतूस एका वेळी एकच भरायचं, तेही आज्ञा झाल्यावर. तोवर बोल्ट उघडा आणि काडतूस बसतं त्या कोठीत, ती रिकामी आहे हे दाखवणारी झगझगीत केशरी सेफ्टी फ्लॅग खोचलेली.