देवगिरीचा डोंगर

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १५ किलोमीटरवर, वेरूळच्या रस्त्यालगत एकटाच उभा असलेला शंकूसारखा बेसाल्टचा डोंगर. देवगिरी किंवा दौलताबादचा किल्ला याच डोंगरावर आहे. पायथ्यापासून उंची साधारण २०० मीटर. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ती किरकोळ वाटेल. पण या डोंगराची खालची बाजू चहूकडून तासून ताठ भिंतीसारखी केलेली आहे आणि तिच्या तळाशी खडकातच खोदलेला खंदक आहे. बोट अडकवायलासुद्धा कपार सापडत नाही. एवढा अख्खा डोंगर माणसांनी छिन्नी-हातोड्याने सोलून काढला, हे खंदकाच्या पुलावर उभे राहून वर पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही.

यादव राजा पाचवा भिल्लम याने १२व्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसवली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा दिला तेव्हा रामदेवराय गडावर होता. धान्याची म्हणून वर चढवलेली पोती उघडली तर आत मीठ निघाले, आणि तह करावा लागला, अशी हकीकत जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवली आहे. १६३३ मध्ये मोगलांनी निजामशाहीकडून गड घेतला, तेव्हाही आतल्यांची उपासमार झाली होती. कडा चढून हा गड कुणी जिंकला नाही. तो पडला तो पोटापायी. मधल्या काळात, १३२७ च्या सुमारास, मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले.

खंदक ओलांडला की अंधारी लागते. डोंगराच्या पोटातून वळत वर जाणारा हा भुयारी जिना म्हणजे माथ्याकडे जाण्याची जुनी वाट. दोन-तीन वळणांतच उजेड संपतो. बॅटरी असली तरी पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या असल्याने भिंत चाचपडतच चढावे लागते. वटवाघळांचा उग्र दर्प येतो, आणि पोरे ओरडून स्वतःचाच आवाज ऐकतात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ करायचा आणि धुराने शत्रूला कोंडायचे, अशी इथली सोय सांगतात. अंधारीनंतर पुन्हा पायऱ्या, मग बारादरी, आणि माथ्यावर तोफ. खाली चांदमिनार बोटाएवढा दिसतो.

पैठणच्या वारकऱ्यांसाठी मात्र हा डोंगर वेगळाच आहे. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी इथले किल्लेदार होते आणि त्यांची समाधी गडावरच आहे. लहानगे एकनाथ पैठणहून इथे आले, गुरूच्या घरी राहिले, आणि हिशेबातली एका पैची चूक शोधत रात्रभर जागले, ही कथा मराठवाड्यात घरोघरी सांगितली जाते. दत्तभक्त स्वामींसाठी गडाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे, असेही परंपरा सांगते. म्हणूनच समाधीपाशी आलेली म्हातारी माणसे तटबंदीकडे बघतही नाहीत. पायरीला हात लावून टेकतात आणि धाप ओसरेपर्यंत नामस्मरण करतात.

पायथ्याच्या गावाचे पोट बरेचसे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालते. दसरा-दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात. दौलताबादच्या सीताफळाचे नाव लांबवर आहे. डोळे उघडलेले फळ आजच खायचे, कडक असेल ते घरी न्यायचे, हे विकणारी बाई न विचारता सांगते. गडावरून उतरलेला माणूस गाडीकडे जाण्याआधी तिच्यापाशीच थांबतो.