चावीतला सेल संपला म्हणून गाडी अडत नाही

सिंहगडाच्या पायथ्याशी टोइंगची वाट बघत ताटकळलेले पुणेकर मी पाहिलेत. समज एकच: रिमोटचा सेल संपला की बटणस्टार्ट गाडी सुरूच होत नाही. साफ चूक. सेल लागतो तो दार उघडायला आणि लांबून ओळख पटवायला. चावीतल्या इमोबिलायझर चिपला (चावी खरी आहे हे गाडीला सांगणाऱ्या चिपला) सेल लागतच नाही. गाडीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून ती वीज घेते. म्हणून बहुतेक गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवायची (काहींत जागा वेगळी असते, मॅन्युअल एकदा तरी उघडा!), ब्रेक दाबायचा आणि बटण दाबायचं. दारासाठी रिमोटच्या पोटात साधी चावी असतेच. आणि डॅशबोर्डचे दिवेच मंद असतील, तर आधी 12 व्होल्टची बॅटरी तपासा. 3 व्होल्टचा सेल बदलून काय होणार?