लॅबिड्युरिडी

डर्माप्टेरा गणातील इअरविग कीटकांचे एक कुल. पोटाच्या टोकाला चिमटा, पाठीवर आखूड चिवट पंख आणि त्यांच्याखाली अनेक घड्या घालून दडवलेले पातळ पंख, अशी इअरविगची ठेवण असते. सांगली-साताऱ्याकडे कृष्णाकाठच्या मळीत ओलसर मातीचे ढेकूळ उलटले किंवा उसाचे पाचट उचलले की असा किडा सुसाट पळताना दिसतो, आणि विंचवाचे पिल्लू समजून चिरडलाही जातो. विंचवाला आठ पाय, याला सहा. याच्याकडे ना नांगी, ना विष. तो कानात शिरून मेंदू पोखरतो ही युरोपातून आलेली समजूतही निराधार आहे.

या कुलातली सर्वांत परिचित जाती म्हणजे लॅबिड्युरा रायपेरिया. पीटर सायमन पलास यांनी तिचे वर्णन 1773 मध्ये केले. लीच यांनी 1815 मध्ये लॅबिड्युरा ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) स्थापन केली, तर कुलाची मांडणी फेरहूफ यांनी 1902 मध्ये केली. भारतातील इअरविगचा पहिला सविस्तर आढावा माल्कम बर यांनी 1910 मध्ये घेतला. फॉर्सिप्युला, नाला आणि अ‍ॅलोस्टेथस या कुलातील आणखी काही प्रजाती.

कुल ओळखायचे तर भिंगाखाली पाय पाहावेत. पावलाचा दुसरा खंड साधा, नळीसारखा असतो. फॉर्फिक्युलिडी कुलात तो पसरट व दुभागलेला असतो, केलिसोकिडी कुलात तिसऱ्या खंडाखाली पुढे आलेला. लॅबिड्युरा प्रजातीच्या शृंगिकांत (डोक्यावरच्या मिशांत) वीसहून अधिक मणी असतात, फॉर्फिक्युलिडीत साधारण बारा ते पंधरा. रंगावर मात्र विसंबू नये, कारण एकाच जातीत फिकट पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत छटा सापडतात.

वर्गीकरणतज्ज्ञांना जास्त उपयोगी पडतात ती नराची जननेंद्रिये. या कुलातील नराला दोन शिश्ने असतात. फॉर्फिक्युलिडीच्या नराला एकच. जपानी अभ्यासक योशिताका कामिमुरा यांना लॅबिड्युरा रायपेरियाचे सुमारे नव्वद टक्के नर उजवेच वापरण्याच्या तयारीत आढळले. डावे निकामी नसते. उजवे काढून टाकले तरी नर डाव्याने समागम करू शकतो. कीटकांतली ही ‘उजवी बाजू’ खरोखर नवलाची.

नराचा चिमटा लांब, मध्ये फट असलेला आणि आतून दातेरी. मादीचा सरळ व जवळजवळ मिटलेला. लॅबिड्युरा रायपेरिया साधारण 16 ते 30 मिमी लांब भरते. ती निशाचर आहे. दिवसा वाळूत बीळ करून राहते, रात्री अळ्या, कोष आणि लहान किडे पकडते. कधी दिव्यावरही येते. डिवचल्यास सडक्या मांसासारखा दर्प सोडते, त्यामुळे भक्षक तोंड फिरवतो. मादी बिळात अंडी घालून त्यांच्यापाशी थांबते, त्यांना बुरशी धरू नये म्हणून चाटून स्वच्छ ठेवते. पिल्ले कोषात जात नाहीत. कात टाकत टाकत प्रौढ होतात.

2018 मध्ये सांगली जिल्ह्यात उसावर अमेरिकन लष्करी अळी आढळली. ही अळी मातीत कोष करते, आणि मातीतले कोष हेच लॅबिड्युराचे एक खाद्य. एकट्या या किड्याने कीड आटोक्यात येईल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पाचट पेटवले की त्याखालचे शिकारीही जळतात, एवढे तरी हिशेबात धरायला हवे.

फॉर्सिप्युलाच्या जाती डोंगराळ भागातल्या ओढ्याकाठच्या दगडांखाली राहतात. पाटण-जावळीत तशा जागांना तोटा नाही.

दगडांशी जोडलेली एक कहाणी दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावरची आहे. तिथला लॅबिड्युरा हर्क्युलियाना हा जगातला सर्वांत मोठा इअरविग, 8 सेंमीपर्यंत वाढणारा. बांधकामासाठी जमिनीवरचे दगड उचलले गेले, त्यात बाहेरून आलेले उंदीर आणि घोणींची भर पडली. 1967 नंतर जिवंत नमुना कोणाला दिसला नाही आणि 2014 मध्ये ही जाती नामशेष म्हणून जाहीर झाली.

कुलातले सारेच सदस्य शेतकऱ्याच्या बाजूचे नाहीत. नाला लिव्हिडिपीस हा लहान, काळा, फिकट पायांचा किडा ऑस्ट्रेलियात ज्वारी-मक्याचे उगवते बी आणि कोवळी मुळे कुरतडतो. बी उगवल्यावर रोपे कोलमडू लागली तर मुळाशी माती उकरून कोणता किडा सापडतो, तो काळा आणि छोटा आहे की तपकिरी आणि मोठा, हे आधी पाहावे; दुसरा बहुधा अळ्या आणि किडे खायलाच तिथे आलेला असतो.