प्रीफॅब घर घेताय? आधी सांधे बघा

झाडीत कुठेतरी छोटंसं घर असावं, पटकन उभं राहावं, खिशाला परवडावं आणि आजूबाजूच्या निसर्गाची वाट पण लागू नये, असं म्हटलं की हल्ली लगेच प्रीफॅब सुचवलं जातं. म्हणजे भिंती, जमीन, छप्पर यांचे पॅनल कारखान्यात बनवायचे, ट्रकने आणायचे आणि जागेवर जोडायचे. कल्पना काही नवीन नाही, अमेरिकेत सिअर्स कंपनी 1908 पासून 1940 पर्यंत अख्ख्या घराचं किट कॅटलॉगमधून विकत होती.

पण प्रीफॅब आहे म्हणजे आपोआप इकोफ्रेंडली, असं काही नसतं. वर लाकडाचे पॅनल आणि खाली काँक्रीटचा जाडजूड पाया घातला तर कमावलेलं बरंचसं तिथेच गेलं. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात तेव्हा 100 किलो शुद्ध चुनखडीतून 44 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि हा चुनखडीच्या आतलाच, भट्टीच्या इंधनाचा वेगळा. म्हणून हलक्या घराला स्क्रू पाईल चांगले. लोखंडी खांब, टोकाला पातं, मशीनने पिळून जमिनीत घालायचे. अलेक्झांडर मिचेल या दृष्टिहीन आयरिश इंजिनिअरने 1830 च्या दशकात हे शोधलं, तेही मऊ वाळूत दीपगृह उभं करायला! मोठं खोदकाम नाही, पावसाचं पाणी घराखालून निघून जातं, उद्या घर हलवलं तर खांब उलटे पिळून काढता येतात. कातळात मात्र हे चालत नाही, त्यामुळे आधी माती तपासून घ्या.

आता लाकूड. एक घनमीटर सुकं पाइनसारखं लाकूड साधारण 450 ते 500 किलो भरतं, त्यातलं निम्मं वजन कार्बनचं, म्हणजे झाडाने हवेतला 800-900 किलो कार्बन डायऑक्साइड त्यात कोंडून ठेवलाय. छानच, पण लाकूड कुजलं की तो परत हवेत. आणि लाकूड कुजतं ते ओलाव्याने, ओलावा शिरतो सांध्यातून, म्हणून माझ्या मते प्रीफॅबमध्ये भिंतीपेक्षा सांधा जास्त बघावा. कारखान्यात पॅनल मिलिमीटरच्या हिशोबात बनतं, सांधा मात्र जागेवर, वाऱ्यापावसात, घाईत भरला जातो.

होतं काय, थंडीत खोलीत 25 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण 17 अंशाला थंड झाली की पाणी सोडते. फटीतून ही हवा भिंतीत घुसली आणि आतल्या गार पत्र्याला किंवा बोल्टला लागली की तिथेच थेंब, बाहेरून काहीच दिसत नाही, आणि लाकडातला ओलावा बराच काळ 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला रान मोकळं. दमट गरम हवेत एसी लावला की गंगा उलटी वाहते, बाफ बाहेरून आत येते. त्यामुळे थंड देशातलं डिझाइन जसंच्या तसं उचलून आतल्या बाजूला प्लास्टिकचा कागद मारणं म्हणजे पाणी भिंतीतच अडवून ठेवणं.

यावर ब्लोअर डोअर टेस्ट असते. दारात पंखा बसवून आत-बाहेर 50 पास्कल दाबाचा फरक करायचा आणि हवा किती गळते ते मोजायचं. पॅसिव्ह हाऊस या कडक जर्मन स्टँडर्डमध्ये तासाला घरातल्या हवेच्या 0.6 पटीपेक्षा जास्त गळती चालत नाही. एवढं कडक सगळ्यांना नको, पण टेस्ट आतले बोर्ड मारायच्या आधी करा, सांध्यापाशी धूर धरला की फट लगेच कळते आणि तेव्हा टेपने भागतं, नंतर भिंत उघडावी लागते. एवढं हवाबंद घर झालं की ताज्या हवेची सोय वेगळी करावी लागते हे पण लक्षात असू द्या.

पैसे वाचवायचे तर आकार साधा ठेवा. 10 बाय 10 मीटरच्या घराला 40 मीटर बाहेरची भिंत लागते, तेवढ्याच जागेच्या 5 बाय 20 ला 50, म्हणजे भिंत 25 टक्के जास्त आणि सांधेही तेवढे वाढले. किचन-बाथरूम पाठीला पाठ लावून घ्या, पाइप कमी लागतात. आणि ऑर्डर द्यायच्या आधी ट्रक आणि क्रेन जागेपर्यंत पोचतात का ते बघा, नाहीतर रस्ता करायलाच झाडं तोडावी लागतील.