डॅन्यूबकाठचे जोडे

हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे डॅन्यूब नदीच्या पूर्व, म्हणजे पेश्टच्या काठावर, संसद भवनापासून दक्षिणेला सुमारे ३०० मीटर अंतरावर असलेले शिल्पस्मारक. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉस या हंगेरीतील फॅसिस्ट पक्षाच्या सशस्त्र टोळ्यांनी नदीकाठी गोळ्या घालून मारलेल्या लोकांच्या, प्रामुख्याने ज्यूंच्या, स्मरणार्थ ते उभारले आहे. मूळ कल्पना चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय यांची असून शिल्पकार ग्युला पाउएर यांच्यासह त्यांनी ती साकारली. १६ एप्रिल २००५ रोजी स्मारकाचे अनावरण झाले. १९४४ मध्ये हंगेरीतील ज्यूंना घेट्टोंत, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या बंदिस्त वस्त्यांत, कोंडण्यास सुरुवात झाली तो दिवस म्हणून १६ एप्रिल तेथे स्मृतिदिन पाळला जातो.

जर्मन सैन्याने मार्च १९४४ मध्ये हंगेरी व्यापल्यावर मेच्या मध्यापासून जुलैच्या आरंभापर्यंत, जेमतेम आठ आठवड्यांत, हंगेरीच्या प्रांतांतून चार लाखांहून अधिक ज्यूंना रेल्वेने, बहुतेकांना आउशविट्सच्या नाझी संहारछावणीत, पाठवण्यात आले. राज्यप्रमुख मिक्लोश होर्ती यांनी जुलैत ही पाठवणी थांबवल्याने राजधानीतील ज्यू तेवढे मागे उरले. १५ ऑक्टोबरला होर्तींची उचलबांगडी होऊन ॲरो क्रॉसचा नेता फेरेन्त्स सालाशी सत्तेवर आला आणि शहरातच हत्यासत्र सुरू झाले. घेट्टोतून व आश्रयगृहांतून माणसे रात्री काठावर आणली जात, त्यांना जोडे काढायला लावले जाई आणि मग अशा तऱ्हेने गोळ्या झाडल्या जात की प्रेते थेट पाण्यात पडून वाहून जावीत. युद्धाच्या टंचाईत जोड्यांना किंमत होती; मारेकरी ते ठेवून घेत.

स्मारकात लोखंडाचे साठ जोड जोडे आहेत. चबुतरा नाही, मानवाकृती नाही. काठाच्या दगडी कडेवरच ते जडवलेले आहेत. पुरुषांचे बूट, स्त्रियांच्या टाचांची पादत्राणे आणि लहान मुलांचे जोडे त्या काळच्या घडणीबरहुकूम केले आहेत. काही उभे, काही कलंडलेले, काहींच्या टाचा झिजलेल्या, अशी त्यांची मांडणी घाईत काढून टाकल्यासारखी आहे. मागे सुमारे ४० मीटर लांबीचा दगडी बाक आहे.

हंगेरियन, इंग्रजी व हिब्रू भाषांतील लोखंडी फलकांवर ॲरो क्रॉसच्या लोकांनी गोळ्या घालून डॅन्यूबमध्ये लोटलेल्यांचा उल्लेख आहे. मात्र त्यांतील बहुतेक ज्यू होते हे तेथे लिहिलेले नाही, आणि ही उणीव खटकते. तरीही मारेकरी हंगेरियनच होते, हे फलक आडपडदा न ठेवता सांगतो. येथून जवळच असलेल्या साबादशाग चौकात २०१४ मध्ये जर्मन आक्रमणाचे स्मारक उभे राहिले. त्यात देवदूत गॅब्रिएलच्या रूपातील हंगेरीवर जर्मन गरुड झेपावताना दिसतो. सगळा देशच बळी ठरवल्याने देशातील मारेकरी दृष्टीआड होतात, असा आक्षेप घेत टीकाकारांनी त्याच्यासमोर मृतांची छायाचित्रे आणि वस्तू मांडून स्वतःचे प्रतिस्मारक उभे केले.